कुरण, पाणवठा, विसावा

'द हंटर : कॉल ऑफ द वाइल्ड' या व्हिडिओ गेममध्ये हिर्शफेल्डेन नावाचं एक रान आहे. जर्मन खेड्यांभोवती दिसतं तसं : मधे शेतं, कडेला दाट झाडी, सखलात तळी. बंदूक घेऊन या रानात पहिल्यांदा उतरणाऱ्याच्या हाती नकाशा असतो तो जवळजवळ कोरा. मग एखाद्या ओल्या जागी खुरांचा ठसा दिसतो, पुढे लेंड्या दिसतात. त्यांवरून जनावर कोणतं, किती वेळापूर्वी गेलं, जाताना ते चरत होतं, पाण्याकडे निघालं होतं की बिचकून पळत होतं, हे कळतं. माग काढत तळ्याच्या काठी पोचलं की नकाशावर एक खूण उमटते. लाल हरणांचा एक कळप इथे पाण्यावर येतो, अमुक वाजता येतो आणि अमुक वाजेपर्यंत थांबतो, असं ती खूण सांगते.

खेळणारे या खुणेला 'नीड झोन' म्हणतात. हे झोन तीन प्रकारचे : चरण्याची जागा, पाण्याची जागा आणि विसाव्याची जागा. प्रत्येक कळपाच्या स्वतःच्या जागा असतात आणि त्या रानात त्या जातीचा दिवस कसा जायचा याचं वेळापत्रक ठरलेलं असतं. वेळ झाली की कळप उठतो आणि पुढच्या जागेकडे चालू लागतो. वाटेत माणूस दिसला, वाऱ्याबरोबर त्याचा वास गेला, तर सगळी उधळतात. पण थोड्या वेळाने पुन्हा आपल्या क्रमावर येतात. जागेजवळ जनावर मारलं की नकाशावर डाग उमटतो. त्याला शिकारीचा दाब म्हणतात. तिथेच पुन्हा पुन्हा मारत राहिलं, तर डाग गडद होत जातो आणि एका मर्यादेनंतर कळप ती जागा कायमची सोडून देतो.

स्वीडनमधल्या अ‍ॅव्हलांच स्टुडिओजच्या एक्स्पान्सिव्ह वर्ल्ड्स या शाखेने २०१७ च्या फेब्रुवारीत हा गेम बाजारात आणला. तेव्हापासून शिकारीचा गेम म्हटलं की या तीन जागा आल्याच, असं होऊन बसलं आहे. खेळताना त्या इतक्या साध्या वाटतात की त्यांच्यामागे काही इतिहास असेल असं मनातही येत नाही. पण जनावर म्हणजे तीन जागा आणि त्यांच्या वेळा, हे जनावराविषयीचं एक ठाम मत आहे. ते मत बनायला शतकं लागली, आणि यंत्रात उतरताना त्यातलं बरंच काही गळून गेलं. काय टिकलं आणि काय गळलं, हे पाहण्यासारखं आहे.

सुरुवात गेमपेक्षा सहाशे वर्षं मागे जाऊन करावी लागते. फ्रान्सच्या दक्षिणेकडच्या फ्वाचा सरदार गास्तों फेब्युस याने १३८७ साली शिकारीवरचा आपला ग्रंथ लिहायला घेतला. 'लिव्हर द शास' हे त्याचं नाव. त्याची सचित्र हस्तलिखितं आजही पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. हरणाच्या नराची मोठी शिकार कशी सुरू होते, याचं त्यातलं वर्णन फार बारकाईचं आहे. घोडेस्वार आणि कुत्र्यांचा ताफा निघण्याच्या कितीतरी आधी, पहाटे, एकटा शिकारी वास काढणारा एक मुका कुत्रा दोरीला बांधून रानात शिरतो. रात्रभर चरून आलेला नर दिवसा कुठे बसला आहे, हे त्याला शोधायचं असतं. तो ठशाची रुंदी पाहतो, शिंगं घासलेली झाडं पाहतो, गवत दबलेली बसण्याची जागा हाताने चाचपतो, वाटेवर फांद्या मोडून खुणा करतो. लेंड्या आपल्या शिंगात भरून, वर गवताचा बोळा लावून, मालकापुढे आणून ठेवतो. तिथे जमलेली मंडळी त्या पाहून जनावराचं वय आणि तब्येत ठरवतात, आणि मग कोणत्या नरामागे जायचं याचा निर्णय होतो.

गेममधला खेळाडू ठशाजवळ वाकून जी माहिती वाचतो ती हीच. फरक इतकाच की फेब्युसच्या माणसाला ती वाचायला शिकण्यात उमेदीची वर्षं घालवावी लागत, आणि शिकलेलं मरेपर्यंत त्याच्याजवळच राही.

आपल्याकडे हे ज्ञान ग्रंथात आलं त्याला याहून जास्त काळ झाला. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लासा'त मृगयेवर स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात शिकारीच्या पद्धतींचं वर्गीकरण केलेलं आहे. पण खरं ज्ञान राजांच्या ग्रंथांबाहेर होतं. फासेपारधी फासा लावत तो जनावर नेमकं जिथून पाऊल टाकणार त्या वाटेवर. त्यासाठी कळप रात्री कुठे असतो, सकाळी कुठे उतरतो, दोन जागांच्या मधली वाट कोणती, हे अचूक ठाऊक असावं लागतं. फासा म्हणजे एका अर्थाने दोन झोनमधल्या वाटेवर ठेवलेलं बोट. हे ज्ञान असणाऱ्या माणसांना इंग्रजांनी १८७१ साली सुरू केलेल्या कायद्याखाली पुढे जन्मतः गुन्हेगार ठरवलं आणि तो शिक्का कायद्यातून पुसला जायला १९५२ साल उजाडलं. त्यांच्या रानविद्येची नोंद फारशी पद्धतशीर ठेवली गेली नाही, याची मला मनापासून हळहळ वाटते.

शिकाऱ्यांना जागा आणि वेळा ठाऊक होत्या. जनावर तसं का वागतं, याचं उत्तर मात्र जनावराच्या पोटात आहे. हरीण रवंथ करतं. त्याच्या पोटाला चार कप्पे असतात. मोकळ्या माळावर मान खाली घालून चरणं म्हणजे वाघा-लांडग्यांना आमंत्रण. म्हणून तिथे भराभर तोडायचं, नीट न चावताच गिळायचं आणि पहिला कप्पा भरला की आडोशाला जायचं. तिथे पाय दुमडून, कान आणि नाक जागं ठेवून, तेच पुन्हा तोंडात आणून सावकाश चघळायचं. चरण्याची जागा आणि विसाव्याची जागा हे एकाच जेवणाचे दोन भाग आहेत. दिवसातून हे चक्र अनेकदा फिरतं. पहाट आणि संध्याकाळ हे त्यातले मोठे फेरे. गेममध्ये ज्याला 'विश्रांती' म्हणतात, त्यात हरीण बराच वेळ जेवत असतं!

पाण्याचं गणित मात्र देशादेशानुसार बदलतं. युरोपातल्या ओल्या रानात हरणाला हिरव्या पाल्यातूनच बरंचसं पाणी मिळतं. ठरल्या वेळी तळ्याकाठी हजेरी लावायची त्याला तितकी गरज नसते. गेममधल्या जर्मन रानात पाण्याच्या जागेला जे महत्त्व आलं आहे ते खेळणाऱ्याच्या सोयीचं आहे : तळ्याकाठी झाडी कमी, नजर लांबवर पोचते, नेम धरता येतो. तीच जागा वैशाखातल्या विदर्भात नेऊन ठेवली तर ती शंभर टक्के खरी ठरते. ताडोबात किंवा मेळघाटात मे महिन्यात पाणवठे आटतात तेव्हा उरलेल्या डबक्यावर सगळ्यांनाच यावं लागतं. आधी सांबर, मग गवा, आणि त्यांच्या मागे वाघ.

हे सगळं शास्त्राच्या भाषेत मांडणारा पहिला मोठा माणूस अमेरिकेतला आल्डो लिओपोल्ड. तो वनखात्यातला अधिकारी, स्वतः शिकारी. १९३३ साली त्याचं 'गेम मॅनेजमेंट' हे पुस्तक आलं आणि त्याच वर्षी विस्कॉन्सिन विद्यापीठात तो या विषयाचा प्राध्यापक झाला. शिकारीची जनावरं कमी होत चालली तर बंदुका मोजून भागत नाही, जमीन मोजावी लागते, हे त्याचं म्हणणं. जनावराला खाणं लागतं, पाणी लागतं, आडोसा लागतो. आणि या तिन्ही गोष्टी त्याच्या रोजच्या चालीच्या टप्प्यात असाव्या लागतात. या टप्प्याला त्याने स्वतंत्र नावही दिलं होतं. त्याच्या पुस्तकात दोन आराखडे शेजारी शेजारी आहेत. दोन्हींत झाडी, झुडपं, गवत आणि शेत सारख्याच क्षेत्राचं. एकात चारही मोठमोठ्या सलग तुकड्यांत, त्यामुळे चारही जिथे भेटतात अशी जागा एकच. लाव्यांचा थवा तिथेच टिकतो. दुसऱ्यात तेच तुकडे बारीक करून एकमेकांत मिसळलेले, आणि थव्यांना राहण्याजोगे कोपरे जागोजागी. जमीन तेवढीच, पण वस्ती कितीतरी जास्त. गेममधलं रान रचणारा माणूस कुरणाच्या कडेला झाडी आणि झाडीच्या कडेला तळं ठेवतो तेव्हा त्याच्या हातून लिओपोल्डचाच आराखडा उतरत असतो, त्याने हे पुस्तक वाचलेलं असो वा नसो.

पुढच्या दहा वर्षांत दोन गोष्टी झाल्या. १९४३ साली विल्यम हेन्री बर्ट या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञाने सस्तन प्राण्यांच्या 'वावरक्षेत्रा'ची व्याख्या केली : खाणं मिळवणं, जोडीदार मिळवणं, पिलं सांभाळणं या नेहमीच्या व्यवहारांत जनावर जेवढ्या जागेत फिरतं तेवढी जागा. कधीतरी ते त्याबाहेर भटकून येतं, ते यात धरायचं नाही, असंही त्याने बजावलं. आणि त्याच्या एक वर्ष आधी स्वित्झर्लंडमध्ये हाइनी हेडिगरचं बंदिस्त वन्यप्राण्यांवरचं पुस्तक आलं होतं.

हेडिगरपाशी मला थोडं थांबायचं आहे, कारण नीड झोनचा खरा पूर्वज तोच आहे असं माझं मत आहे. तो प्राणिसंग्रहालयं चालवणारा माणूस. बर्न, बाझल आणि झ्युरिक या तिन्ही ठिकाणी त्याने काम केलं. पिंजऱ्यातल्या जनावराला काय कमी पडतं, हा त्याचा रोजचा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर शोधताना त्याला मोकळं जनावर कसं जगतं हे पाहावं लागलं. मोकळं जनावर मोकळं नसतंच, असं त्याच्या लक्षात आलं. त्याच्या प्रदेशात ठराविक ठिकाणं असतात : झोपायचं एक, खायचं एक, पाण्याचं एक, अंग घासायचं एक, विष्ठा टाकायचं एक. त्यांना जोडणाऱ्या वाटाही ठरलेल्या. आणि कोणत्या वेळी कोणत्या ठिकाणी असायचं, हेही बरंचसं ठरलेलं. जागा आणि काळ यांची ही एकत्र वीण, असं त्याने मांडलं. म्हणजे पिंजरा किती मोठा आहे यापेक्षा त्यात ही ठिकाणं आहेत का, हे महत्त्वाचं. माणूस किती जवळ आला की जनावर पळतं, ते पळ काढण्याचं अंतरही त्यानेच अभ्यासलं. गेममध्ये या दोन्ही कल्पना जशाच्या तशा आहेत. प्राण्यांना कैदेत सुखाने ठेवण्यासाठी केलेला विचार पडद्यावर त्यांना मारण्याच्या खेळाचा पाया बनला, हा इतिहासातला विचित्र योग आहे.

यानंतर निरीक्षणं वाढली. प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॅलर १९६३ ते १९६५ या काळात कान्ह्यात राहिला आणि चितळ, बारशिंगा, सांबर, काळवीट कोणत्या वेळी चरतात, कधी बसतात, कधी पाण्यावर येतात याच्या नोंदी त्याने केल्या. 'द डियर अँड द टायगर' हे त्याचं पुस्तक १९६७ चं. त्याच दशकात जनावराच्या गळ्यात रेडिओ कॉलर बांधायचं तंत्र आलं, आणि दिसेनासं झालेलं जनावर कुठे गेलं ते नकाशावर ठिपक्यांनी उमटू लागलं. नकाशा, त्यावर कळपाची जागा, शेजारी वेळ : गेमच्या पडद्यावर जे चित्र दिसतं ते आधी संशोधकांच्या टेबलावर तयार झालं.

आता दुसरं घराणं, यंत्राचं. इथे सुरुवातीला जनावराला जागा नव्हतीच. १९३६ साली अमेरिकेतल्या सीबर्ग कंपनीने 'रे-ओ-लाइट' नावाचा खेळ काढला. त्यात प्रकाशाच्या बंदुकीने सरकत्या बदकांवर नेम धरायचा. १९८४ साली निन्टेंडोचा 'डक हंट' आला. पुण्यामुंबईच्या घरांत तो नव्वदीच्या दशकात पोचला, नकली संच आणि त्यांच्याबरोबर मिळणारी प्लास्टिकची बंदूक यांच्या रूपाने. घोडा दाबला की पडदा निमिषभर काळा होई आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन येई. बंदुकीतल्या डोळ्याला उजेड दिसला तर नेम लागला. ते बदक गवतातून उडायचं, पण गवतात ते काय करत होतं हा प्रश्न त्या यंत्राला पडू शकत नव्हता. त्याच्यासाठी बदक म्हणजे एक उजळ चौकोन.

'द ओरेगन ट्रेल'मध्ये थोडी वेगळी वाट दिसते. १९७१ साली मिनेसोटातल्या तीन तरुण शिक्षकांनी शाळेसाठी तो रचला, तेव्हा पडदाही नव्हता. कागदावर छापून येणाऱ्या सूचनेनंतर बंदुकीच्या आवाजाचा शब्द टंकायचा, जितका लवकर तितकी शिकार चांगली. १९८५ च्या आवृत्तीत जनावरं दिसू लागली आणि प्रदेशानुसार बदलू लागली. बायसन सावकाश चाले आणि भरपूर मांस देई, पण मारलेल्यातलं शंभर पौंडच गाडीपर्यंत नेता येई. आपण किती वाया घालवलं, हे पडद्यावर वाचावं लागे. कितीतरी अमेरिकी मुलांनी शिकारीच्या मर्यादेचा पहिला धडा तिथे गिरवला असणार.

वळण आलं १९९७ साली. वॉलमार्ट या दुकानसाखळीच्या सूचनेवरून सनस्टॉर्म इंटरॅक्टिव्हने 'डियर हंटर' हा स्वस्तातला गेम थोड्या काळात तयार केला. गेम खेळणाऱ्या शहरी तरुणांनी आणि समीक्षकांनी त्याची टर उडवली. पण अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतल्या शिकाऱ्यांनी, ज्यांनी आयुष्यात कधी गेम विकत घेतला नव्हता त्यांनी, त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती घेतल्या. का घेतल्या? कारण त्यात गोळी झाडायच्या आधी नकाशा होता. कुठे थांबायचं ते ठरवायचं, ठसे आणि घासलेली झाडं शोधायची, वास आणि हाक वापरायची, आणि वाट पाहत बसायचं. बदकाच्या चौकोनाच्या जागी पहिल्यांदाच कुठेतरी असणारं आणि कुठेतरी जाणारं हरीण आलं. या गेमची चित्रं आज बघवत नाहीत. तरी शिकारीच्या पहिल्या खऱ्या खेळाचा मान मी त्याला देईन, कारण शिकार म्हणजे वाट पाहणं ही गोष्ट त्याने यंत्राला शिकवली.

त्याच वर्षी, त्याच देशात, याहून फार मोठा प्रयोग झाला आणि फसला. टेक्सासच्या ओरिजिन सिस्टिम्सने १९९७ च्या सप्टेंबरमध्ये 'अल्टिमा ऑनलाइन' सुरू केला : हजारो माणसं एकाच वेळी वावरतील असं जग. त्याच मालिकेतल्या १९८८ च्या पाचव्या भागात गावकऱ्यांना दिनक्रम दिलेला होता. सकाळी काम, संध्याकाळी गुत्ता, रात्री झोप. आता हा नवा गेम रचणाऱ्या रॅफ कॉस्टर आणि त्याच्या सहकाऱ्यांना त्याच्या कितीतरी पुढे जायचं होतं. त्यांनी प्राण्यांना वेळापत्रक दिलं नाही, भूक दिली. जगातल्या प्रत्येक वस्तूत गवत, मांस, कातडं अशा गोष्टींचा साठा. प्रत्येक प्राण्याला काय खायला हवं, कुठे आसरा हवा, कशाची भीती, याची यादी. सशाने गवत शोधावं, लांडग्याने ससा शोधावा, लांडग्याला ससा मिळेना झाला तर त्याने गावाकडे वळावं. कुठे काय घडेल हे कुणी लिहून ठेवायचं नाही. ते भुकेतून आपोआप घडेल.

घडलं ते निराळंच. खेळणारी माणसं आत शिरली आणि दिसेल ते मारत सुटली. अन्नसाखळीला आकार यायच्या आत तिच्यातले प्राणी संपले. शिवाय प्रत्येक भुकेल्या प्राण्याने सभोवार अन्न शोधत राहायचं म्हणजे संगणकावर केवढा भार! तो परवडणारा नव्हता. बरीचशी यंत्रणा बंद करावी लागली. माझ्या मते या घराण्याच्या इतिहासातली ही सर्वांत महत्त्वाची घटना. भूक महाग पडते, वेळापत्रक स्वस्त पडतं, हे तिथे सिद्ध झालं. आणि तीन वर्षांनी आलेल्या 'द सिम्स'मध्ये भुकेला काबूत ठेवण्याची युक्ती दिसली. विल राइटच्या त्या गेममध्ये माणसांच्या गरजांचे पट्टे हळूहळू रिकामे होतात, आणि त्या गरजा पुऱ्या करण्याचं आश्वासन वस्तू स्वतःच देत असते. फ्रिज जणू हाक मारतो, बिछाना हाक मारतो. ज्याची हाक सर्वांत मोठी त्याकडे माणूस जातो. गरज जिवाच्या आत आणि तिची पूर्तता ठरल्या जागी, अशी ही मांडणी आहे.

शिकारीच्या गेममध्ये हे धागे एकत्र आले ते सावकाश. 'द हंटर' ही मालिका २००९ साली सुरू झाली. तिथे हातातल्या यंत्रावर ठसे आणि विष्ठा वाचता येत होती, रानात जनावरं खरोखर हिंडत होती. २०१२ च्या 'फार क्राय ३'मध्ये नकाशावर कोणत्या भागात कोणतं जनावर भेटतं याची चित्रं आली, पण वेळ नव्हती; डुक्कर त्या पट्ट्यात कधीही गेलं तरी हजर. २०१७ च्या गेममध्ये जागेला वेळ जोडली गेली आणि हेडिगरची वीण पडद्यावर पुरी झाली. २०२२ साली स्लोव्हाकियातल्या नाइन रॉक्स गेम्सचा 'वे ऑफ द हंटर' आला. त्यानेही या तीन जागा घेतल्या आणि आणखी एक पायरी चढला : कळपातलं कोणतं जनावर मारलं यावर कळपाची पुढची प्रत ठरते. उमदा तरुण नर मारला तर पुढच्या नरांची प्रत उतरते. हा लिओपोल्डचा वारसा, आणि तो जपल्याबद्दल त्या गेमचं कौतुक केलं पाहिजे.

पण सगळ्यांत खरी उतरली आहे ती शिकारीच्या दाबाची कल्पना. २०१८ साली केटलिन गेनॉर आणि तिच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात जगभरच्या ६२ सस्तन प्रजातींवरच्या अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष मांडला. माणसाचा वावर असेल तिथे प्राण्यांचा रात्रीचा वावर सरासरी १.३६ पट वाढतो. दिवस आणि रात्र निम्मेनिम्मे वापरणारा प्राणी माणसाच्या शेजारात ६८ टक्के हालचाल रात्रीवर ढकलतो. शिकारच नव्हे, नुसतं फिरायला जाणंही त्याला पुरतं. गेममधला कळप जागा सोडतो. खऱ्या रानातला कळप बऱ्याचदा वेळ सोडतो. गेमच्या वेळापत्रकाला हे जमत नाही. कितीही मारा, पाण्याची वेळ तीच राहते.

इथे खेळणाऱ्यांच्या वागण्याकडेही पाहायला हवं. वेळापत्रक पाठ झालं की रान उरत नाही. तळ्याकाठच्या पाण्याच्या जागा हेरायच्या, त्या वेळेला तिथे जायचं, एकदोन जनावरं टिपायची, दाब वाढायच्या आत पुढच्या तळ्यावर, आणि वेळ संपली की तंबूत झोपून घड्याळ पुढे ढकलायचं. असं अनेकजण खेळतात. हा त्यांचा दोष नाही. ज्या वागण्यामागचं कारण काढून टाकलेलं आहे, ते वागणं पाठच करता येतं, समजून घेता येत नाही. गेममधल्या हरणाला चार कप्प्यांचं पोट नाही. त्याला गवत वाळल्याचं कळत नाही, आईने दाखवलेली वाट आठवत नाही. ते त्या जागी येतं कारण ती वेळ झाली. 'अल्टिमा'च्या सशाला निदान भूक तरी होती.

आणि बर्टने व्याख्येबाहेर ठेवलेली ती भटकंती? २०१९ साली यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातल्या एका तरुण वाघाला कॉलर बांधली होती. स्वतःची जागा शोधत तो निघाला आणि शेतं, रस्ते, गावं ओलांडत, महाराष्ट्र आणि तेलंगणातून सुमारे ३००० किलोमीटर चालला. शेवटी बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात थांबला. लोकांनी त्याचं नाव वॉकर ठेवलं. त्याच्या त्या प्रवासात झोन नव्हते, झोनचा शोध होता. 'कॉल ऑफ द वाइल्ड'मध्ये २०२३ पासून हिमालयाच्या पायथ्याचं सुंदरपाटण नावाचं रान आहे. त्यात बंगालचा वाघ आहे, काळवीट, नीलगाय आणि बारशिंगाही आहेत. त्या वाघाला कुठे विसावायचं हे आधीच ठरवून दिलेलं आहे. घर नसलेला वाघ अजून कुठल्या गेमला रचता आल्याचं माझ्या पाहण्यात नाही, आणि वाघाच्या आयुष्यातला सर्वांत अवघड काळ नेमका तोच असतो.

तरीही मी या गेमच्या बाजूने आहे. बदकाच्या पांढऱ्या चौकोनापासून इथवर येताना यंत्राने एक गोष्ट मान्य केली : जनावराला स्वतःचा दिवस असतो आणि त्यात माणूस नंतर येतो. भारतात १९७२ च्या कायद्याने आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्तीने शिकार बंद केली, आणि ते योग्यच झालं. पण शिकारीबरोबर माग काढण्याची, दबा धरून तासन्‌तास बसण्याची विद्याही सामान्य माणसाच्या हातून गेली. आज मराठी घरातला एखादा मुलगा खुराच्या ठशावरून दिशा ओळखत असेल तर ते बहुधा तो या गेममधून शिकला आहे. ते शिकणं अपुरं आहे, पण खोटं नाही.

अशा मुलांना आणि त्यांच्या पालकांना माझं एक सांगणं आहे. महाराष्ट्रात वनविभाग दर वर्षी बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवर मचाणं बांधून लोकांना प्राण्यांच्या नोंदीसाठी बसवतो. चांदण्यात रात्रभर गप्प बसायचं आणि पाण्यावर कोण, किती वाजता आलं ते कागदावर लिहायचं. वेळापत्रक कुणी दिलेलं नसतं. ते आपल्या हाताने, एकेका ओळीने तयार होतं. मचाणं मोजकी असतात, त्यामुळे नाव आधीच नोंदवून ठेवा.